राजा गेला की युवराजानेही मरायचं?

आज जाऊया ओयोला, आताच्या नायजेरियातल्या योरुबा राज्यात. इथला राजा म्हणजे अलाफिन. त्याच्या थोरल्या मुलाचा किताब ‘आरेमो’. रुबाब मोठा, पण बाप गेला की यानेही मरायचं! म्हणजे बापाला संपवायचा मोह नको. नवा राजा मग ‘ओयो मेसी’ हे सात सरदार निवडणार. त्यांचे किताबही घराण्यांत चालत आलेले.

अलाफिन अतिबाने हा रिवाज मोडायचं ठरवलं. १८५९ मध्ये तो वारला आणि मुलगा अदेलू गादीवर बसला. इबादानने मान्य केलं. इजायेचा सेनापती कुरुन्मी मात्र परंपरेवर अडून बसला. १८६० ला युद्ध पेटलं, १८६२ मध्ये इजाये बेचिराख झालं. एक युवराज वाचला, अख्खं शहर गेलं. तरी रिवाज मोडला ते बरंच झालं, असं मला वाटतं. तुम्हाला?