ट्रकचा धूर काय सांगतो? इंजिन खोलण्याआधी तपासायच्या गोष्टी

आपल्या समाजातली कितीतरी घरं ट्रक आणि गॅरेजवर चालतात. कुणी मालक, कुणी ड्रायव्हर, कुणी मिस्त्री. गाडी धूर मारू लागली की "पंप खोला, नोझल बदला" असा सल्ला लगेच मिळतो, आणि तोच बहुतेक वेळा महागात पडतो. म्हणून धुराचा रंग आणि वास पाहून दोष कुठे शोधायचा, ते आम्ही इथे देत आहोत. क्रम लक्षात ठेवा: आधी हवा, मग डिझेल, शेवटी इंजिन.

काळा धूर

डिझेल पूर्ण जळत नाही, म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. आधी एअर फिल्टर काढून पाहा. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज आणि क्लॅम्प तपासा. लोडवर शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा जोडावर तेलकट डाग असेल, तर हवा तिथून निसटते. सायलेन्सर आतून चोक झाला तरी गाडी ओढत नाही. हे सगळं ठीक असेल तरच नोझल, पंप आणि टायमिंगकडे वळा. ओव्हरलोड गाडी चढावर काळा धूर देणारच, त्यावर मिस्त्रीकडे इलाज नाही.

पांढरा धूर

थंडीत सकाळी दोन-चार मिनिटं पांढरा धूर आला तर चालतं. इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर वास घ्या. कच्च्या डिझेलचा वास आणि डोळ्यांत जळजळ असेल तर नोझल, टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन बघा. वास गोडसर असेल आणि कूलंट रोज कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. अशी गाडी पुढे चालवू नका. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडा.

निळा धूर

इंजिन ऑईल जळतंय. बराच वेळ उभ्या गाडीला स्टार्ट केल्यावरच धूर येत असेल तर वॉल्व्ह सीलचा संशय घ्या. लोडवर येत असेल आणि ब्रीदरमधूनही जोराने वाफ निघत असेल तर रिंगा-लायनर झिजलेत. टर्बोच्या हवेच्या पाईपात ऑईल साचलं असेल तर टर्बोचं सील तपासा. ऑईल जास्त भरलं असेल तरीही निळा धूर येतो, म्हणून आधी डिपस्टिक बघा.

धूर नाही आणि गाडी स्टार्टही नाही

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून जराही धूर नसेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचत नाही. टाकीतली जाळी, डिझेल फिल्टर, आणि लाईनमध्ये घुसलेली हवा, या क्रमाने बघा. वॉटर सेपरेटरमधलं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा. पाणी असेल तर तळाला बसेल. पावसाळ्यात हे नेमाने करा.

डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला, तर इंजिन सुरू करू नका. डिझेल ऑईलमध्ये उतरून बेअरिंग खातं.

कॉमन रेलची काळजी

जुन्या पंपाच्या गाडीत एकेका नोझलचा नट सैल करून कमजोर सिलेंडर शोधतात. कॉमन रेलमध्ये हे कधीच करू नका. तिथे दाब १,००० बारच्या वर जातो. त्या फवाऱ्याने डिझेल कातडीत घुसतं आणि हात कापावा लागू शकतो. लीकेज पुठ्ठ्याने बघा, हाताने नाही.

बीएस-६ गाड्या

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या या गाड्यांत धुराचा फिल्टर चांगला असेल तर काळा धूर दिसत नाही. दिसला तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढलाय. सायलेन्सरच्या जोडावर पांढरे खडे जमले तर युरिया गळतोय. डीईएफ ३२.५ टक्के युरियाचंच असावं. शेतातलं खत पाण्यात घालून ते बनत नाही.

युरिया सिस्टिम बायपास करून देणारे भेटतात. ते बेकायदा आहे, आणि तो धूर दुसऱ्याच्या लेकरांच्या छातीत जातो. कुणाला इजा करून मिळवलेल्या रोजीत बरकत कसली? प्रदूषणाचा नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय लायसन्स ३ महिने जातं.

डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं आहे. त्यामुळे बंद शेडमध्ये इंजिन रेस करू नका आणि शिकाऊ मुलांना सायलेन्सरमागे उभं करू नका.

मिस्त्रीकडे जाताना धुराचा रंग, तो कधी येतो, ऑईल-कूलंट किती घटलं आणि फिल्टर कधी बदलला, एवढं लिहून न्या. इन्शाअल्लाह निम्मं काम तिथेच होईल.