मदतीस आलेली फौज

कुंभकोणाहून मायावरमच्या वाटेने पूर्वेस निघाले आणि तिरुविडैमरुदूर मागे टाकले, की गोविंदपुरम् लागते. नामसंकीर्तनाच्या दाक्षिणात्य परंपरेत ज्यांना अग्रस्थान दिले जाते त्या बोधेंद्र स्वामींची समाधी येथे आहे, आणि चालू शतकात याच गावी विठ्ठल-रखुमाईचे एक विस्तीर्ण मंदिर उभे राहिले आहे. नोकरीनिमित्त या प्रांती येऊन पडलेला मराठी माणूस एखाद्या सुट्टीच्या दिवशी तेथे जातो, तमिळ भाविकांच्या तोंडून अभंग ऐकून भारावतो, आणि परतताना मनाशी एक सुबक साखळी जुळवतो: शिवरायांचे धाकटे बंधू येथे स्वराज्याचा झेंडा घेऊन आले, त्यांच्यामागून विठोबा आला, आणि विठोबामागून अभंग आले. या साखळीच्या पुढल्या कड्यांविषयी आमचे काही म्हणणे नाही. पहिली कडी मात्र कच्ची आहे, आणि आजचा लेख तिच्यापुरताच आहे.

व्यंकोजी राजे, ज्यांना येथील लोक एकोजी म्हणतात, ते तंजावरास आले ते स्वराज्याची फौज घेऊन नव्हे. ती फौज विजापूरच्या आदिलशहाची होती. ती परमुलखातील, परक्यांच्या भांडणात, एका पदच्युत घराण्याच्या वारसास गादीवर बसविण्यासाठी पाठविलेली कुमक होती. तिच्यात विजापूरचे मुसलमान सरदारही होते. तिला घालून दिलेले काम इतकेच होते, आणि ते काम तिने चोख बजावले. पुढे जे घडले ते कामात नव्हते.

भांडण नायकांचे होते. विजयनगरच्या पडत्या काळात तंजावर आणि मदुरा येथील नायक स्वतंत्र राजांसारखे वागू लागले होते. इ. स. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरावर सैन्य धाडले. तंजावरच्या नायकाने कन्या देण्याचे नाकारले, हे त्याचे निमित्त तेलुगू बखरीत दिले आहे. तंजावरचा वृद्ध विजयराघव नायक लढता लढता पडला, आणि शत्रूच्या हाती लागू नये म्हणून राणीवसा दारूने उडवून देण्यात आला. चोक्कनाथाने आपला दूधभाऊ अळगिरी यास तंजावरास बसविले. बखर सांगते की या संहारातून चेंगमलदास नावाचे एक मूल दाईने वाचविले आणि नागपट्टणास एका व्यापाऱ्याच्या घरी ते वाढले. जुना कारभारी वेंकण्णा याने या मुलाचा पक्ष धरून विजापूरचा दरवाजा ठोठावला.

विजापूर त्या वेळी कोणत्या अवस्थेत होते हे पाहिले पाहिजे. अली आदिलशहा १६७२ च्या अखेरीस वारला होता. गादीवर सिकंदर हे अजाण पोर होते, आणि कारभार खवासखानाच्या हाती होता. दरबारात दख्खनी आणि पठाण या दोन तटांत उघड वैर माजले होते. असे दरबार लांबच्या मोहिमा हौसेने काढतात. घरचा सरदार दूर जातो, त्याचे पोट परमुलखावर भागते, आणि यश आलेच तर नाव दरबारचे होते. व्यंकोजी या कामास सोयीचे होते. शहाजी राजे १६६४ मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून वारल्यावर बंगळूरची जहागीर त्यांच्याकडे आली होती, आणि कर्नाटकातील वाटाघाट त्यांना ठाऊक होती.

बखरीप्रमाणे अळगिरीशी गाठ कुंभकोण आणि तंजावर यांच्या मधील अय्यमपेट येथे पडली. अळगिरी हरला आणि पळाला. मदुरेच्या चोक्कनाथाशी त्याचे आधीच फाटले होते, त्यामुळे मागून मदत आली नाही. चेंगमलदास गादीवर बसला. येथे ही कथा संपावयास हवी होती.

परंतु फौजेला रोज खावयास लागते. नव्या राजाच्या खजिन्यात काही नव्हते. दोन वर्षांत दोनदा लुटलेल्या राजधानीत असणार तरी काय? म्हणून मोहिमेच्या खर्चापोटी कुंभकोण, मन्नारगुडी व पापनाशम् या भागांचे उत्पन्न व्यंकोजींस लावून देण्यात आले. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी महसुलाच्या खात्यात उमेदवारी केली आहे, त्यांनी येथे क्षणभर थांबावे. कुंभकोणाभोवतीची जमीन म्हणजे कावेरीच्या फाट्यांनी भिजणारी भाताची खाचरे. अरसलार, वीरचोळन अशा शाखांनी विणलेले जाळे. राज्याचे मर्म किल्ल्यात नव्हते, या खाचरांत होते. ज्याच्या हाती हे उत्पन्न गेले त्याच्या हाती राज्य गेलेच होते. राजवाड्यातून कोणी बाहेर पडणे तेवढे उरले होते. आमच्या मते तंजावरचे राज्य अय्यमपेटच्या रणात गेले नाही, या तीन भागांच्या सनदेवर गेले.

उरलेले काम वेंकण्णाने केले. त्याला दळवायपद हवे होते, ते मिळाले नाही. ज्या हाताने फौज आणली त्याच हाताने त्याने तिला आत ओढले. व्यंकोजी प्रथम कचरले, असे बखरकार सांगतो; शहाची भीती होती. मग सुलतान मरण पावल्याची बातमी आली आणि त्यांनी गादी घेतली. चेंगमलदास राजधानी सोडून पळाला.

या बातमीपाशी आम्ही अडखळतो. अली आदिलशहा मोहिमेच्या आधीच गेला होता, आणि सिकंदर तर १७०० पर्यंत जगला, औरंगजेबाच्या कैदेत का होईना. तेव्हा या सुमारास कोणताही सुलतान मेलेला नाही. मेला तो कारभारी. नोव्हेंबर १६७५ मध्ये बहलोलखानाने खवासखानास कैद केले आणि पुढे त्याचा जीव घेतला. ज्याने हुकूम दिला होता तोच नाहीसा झाला, ही वार्ता छावणीत येता येता सुलतानाच्या मृत्यूची झाली असावी, असा आमचा तर्क आहे. तो खरा असल्यास राज्यारोहणाच्या सालाचा घोळही काहीसा सुटतो: कोणी १६७४ म्हणतात, कोणी १६७५, कोणी १६७६. आम्ही १६७५ ची अखेर ते १६७६ चा आरंभ या बाजूस झुकतो.

मग हा विश्वासघात म्हणावयाचा काय? चेंगमलदासाच्या दृष्टीने दुसरा शब्दच नाही, आणि केवळ घराणे भोसल्यांचे म्हणून तो शब्द गिळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मात्र यात एक गोष्ट अधिक आहे. त्या फौजेला परत बोलावू शकेल असा धनी विजापुरात उरला नव्हता, आणि तिचा पगार भागवील असा धनी तंजावरात उरला नव्हता. अशा फौजेच्या सरदारापुढे दोनच वाटा असतात. त्याने माणसे उपाशी मोडू द्यावी, नाही तर मुलूख धरावा. व्यंकोजींनी मुलूख धरला.

विजापूरशी असलेले हे नाते पुढे त्यांच्या कामीही आले. १६७७ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले. जुलैच्या सुमारास कोल्लिडम् नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळपाडी येथे बंधूंची भेट झाली. महाराजांनी वडिलार्जित दौलतीचा अर्धा वाटा मागितला. व्यंकोजींचा पवित्रा असा, की आपण आदिलशहाचे चाकर. मुलूख चाकरीवर मिळालेला, त्यात भावाचा वाटा कसला? ज्या शहाचा हुकूम चेंगमलदासाच्या बाबतीत आठवला नाही, तो वाटणीच्या वेळी आठवला. बोलणे फिसकटले आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरास परतले. नोव्हेंबरात वालिकंडपुरम् येथे त्यांची फौज संताजी भोसल्यांवर, म्हणजे आपल्याच सावत्र भावावर चालून गेली. पुढे रघुनाथपंत हणमंते आणि दीपाबाई यांच्या मध्यस्थीने तह झाला आणि तंजावर व्यंकोजींकडे राहिले. मराठ्यांचे दक्षिणेतील हे राज्य मराठ्यांच्याच दुसऱ्या राज्यापासून वाचवावे लागले, हे अभिमानाच्या भरात आपण सहसा विसरतो.

रयतेचे काय झाले? याची साक्ष देणारे दोन कागद आहेत, आणि दोन्ही जेझुइट पाद्र्यांचे आहेत. आंद्रे फ्रेरे हा १६७६ मध्ये लिहितो की एकोजीने न्यायाने कारभार चालवून मागल्या राजवटीच्या जखमा बुजविण्यास आरंभ केला आहे, पाट आणि तळी दुरुस्त केली आहेत, वर्षानुवर्षे पडीक असलेली शेते पिकू लागली आहेत, आणि गेल्या खेपेचे पीक पूर्वी कधी पाहिले नव्हते एवढे आले. सात वर्षांनी, १६८३ मध्ये, जॉन द ब्रिटो लिहितो ते वाचवत नाही. उत्पन्नाचे पाच वाटे केले तर चार सरकारचे. तेही धान्यात नव्हे, रोखीत. आणि धान्याचा भाव सरकारने बाजारापेक्षा चढा ठरविलेला. सारे पीक विकले तरी सारा फिटत नाही, असा हिशेब तो मांडतो.

पाद्र्यांचे पूर्वग्रह आम्ही जाणतो. ब्रिटोच्या शिष्यांवर तंजावरात जाच होत होता हेही जाणतो. तरी हे दोन्ही कागद खरे असण्यास अडचण नाही. पहिल्या वर्षी फौज नवी होती, आणि पाट बांधल्यावाचून तिचे पोट भरणार नव्हते. सातव्या वर्षापर्यंत मोठ्या भावाशी युद्ध झाले, तह झाला, सरहद्द सांभाळणे आले. फौज तीच, खर्च वाढला, खाचरे तेवढीच राहिली. तंजावरच्या भोसल्यांची विद्या, संगीत, ग्रंथालय यांची स्तुती आम्हीही करतो. शहाजी राजांनी १६९३ मध्ये तिरुविशनल्लूर गाव पंडितांना अग्रहार दिले, ते गोविंदपुरम्‌हून फार दूर नाही. पण ज्या शेतांवर ते उभे राहिले त्यांच्या वहीची ही पानेही असू द्यावी.

हाच खेळ पुढे या घराण्यावर उलटला. १७४९ मध्ये तंजावरचा पदच्युत राजा सयाजी कडलूरजवळच्या सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात इंग्रजांकडे गेला. गादी मिळवून द्या, कोल्लिडम्‌च्या मुखावरील देवीकोट देतो आणि मोहिमेचा खर्चही देतो, असे त्याने सांगितले. पहिली स्वारी फसली. दुसरी मेजर लॉरेन्सच्या हाताखाली गेली, तीत क्लाइव्ह होता, आणि देवीकोट पडले. किल्ला हाती आल्यावर इंग्रजांनी ज्याच्याविरुद्ध आले होते त्या प्रतापसिंहाशीच तह केला. किल्ला व ९००० पगोडे उत्पन्नाचा मुलूख कंपनीस, आणि ज्याच्यासाठी फौज निघाली त्या सयाजीस सालीना ४००० रुपये, तेही त्याने पुन्हा उपद्रव देऊ नये म्हणून. चेंगमलदासाला एवढेही मिळाले नव्हते. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबासाठी कंपनीची फौज आली आणि तिने तंजावर घेतले; १७७६ मध्ये तुळजाजीस ते परत मिळाले, पण सोबत कंपनीचे शिबंदी सैन्य आणि त्याचा खर्च आला. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांकडे किल्ला आणि आसपासचा थोडा भाग उरला. यानंतर चार वर्षांनी, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा तो अफाट मराठी शिलालेख कोरला गेला. वंशाचा इतिहास दगडावर चढला तेव्हा राज्य कागदावर उतरले होते.

सरफोजींच्या आधी गादीवर अमरसिंह होता. तुळजाजीनंतर १७८७ मध्ये सरफोजींचे दत्तविधान अशास्त्र, असा पंडितांचा अभिप्राय घेऊन कंपनीने त्याला बसविले, आणि १७९८ मध्ये ते सशास्त्र, असा अभिप्राय घेऊन उतरविले. त्यास राहावयास तिरुविडैमरुदूर देण्यात आले. थोडे नोकर, थोडे गवई आणि राजा ही पदवी एवढ्यावर त्याने तेथे आपला दरबार मांडला, आणि १८०२ मध्ये तो वारला.