वर्गाबाहेरचे शिक्षण आणि पदवीचे क्रेडिट : बीडच्या तरुणांनी काय माहीत करून घ्यावे

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. त्यांच्यासोबत जाणाऱ्या किंवा मागे राहून घर सांभाळणाऱ्या तरुणांचे कॉलेज अनेकदा अर्धवट सुटते. कामात, चळवळीत, विहारात ते जे शिकतात, त्याची नोंद मात्र कुठेच होत नाही. ही नोंद पदवीपर्यंत नेण्याचे मार्ग आता आहेत, पण ते माहीत असणाऱ्यांनाच उपयोगी पडतात.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनाही शिकता येई.

क्रेडिट म्हणजे काय?
एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाचे १२०० तासांचे शिक्षण म्हणजे ४० क्रेडिट. म्हणजे १ क्रेडिटसाठी साधारण ३० तास. यात वर्ग, प्रात्यक्षिक, प्रकल्प, प्रत्यक्ष काम हे सारे धरले जाते. अट एकच : शिकलेल्याचे मूल्यमापन झाले पाहिजे. नुसत्या अनुभवाला क्रेडिट नाही.

चार मार्ग
१. क्रेडिट बँक : मिळवलेले क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. खाते डिजिलॉकरवरून उघडता येते. क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षे वापरता येतात. म्हणून शिक्षण मध्येच सुटले तरी आधीची मेहनत लगेच वाया जात नाही.

२. स्वयम् : २०१७ पासून सुरू असलेल्या या सरकारी संकेतस्थळावर मोबाईलवरून मोफत शिकता येते. परीक्षेचे शुल्क वेगळे असते आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट यातून घेण्याची मुभा आहे. मात्र अभ्यासक्रम निवडण्याआधी कॉलेजची मान्यता घ्या.

३. समाजकार्य आणि कामाचा अनुभव : महाराष्ट्राच्या नव्या पदवी रचनेत समुदाय सहभाग प्रकल्प, क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षण आणि एनएसएस यांना क्रेडिट आहेत. विहारातील अभ्यासिका किंवा ऊसतोड कुटुंबांच्या मुलांचे सर्वेक्षण हे प्रकल्पाचे विषय होऊ शकतात. त्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी मार्गदर्शक प्राध्यापकांची संमती हवी. आधीच केलेले काम नंतर दाखवून चालेलच असे नाही.

४. पूर्वकौशल्याला मान्यता (आरपीएल) : गवंडीकाम, वायरिंग, शिवणकाम अनुभवाने शिकलेल्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. ही सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतूनही देण्यात आली. हे प्रमाणपत्र पदवीत मोजायचे का, हे विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते. बीडमधील बहुतेक महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेव्हा प्राचार्यांकडे किंवा विद्यापीठाकडे लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखी घ्या.

कागद जपा
ज्यांना या सोयीची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याकडेच बहुधा कागद नसतात. मुकादमाकडे नोंद नाही, मजुरीची पावती नाही. म्हणून आजपासून साधी वही ठेवा : तारीख, काम, तास, काय शिकलो. फोटो, प्रमाणपत्रे, संस्थेचे पत्र एका फाईलमध्ये लावा. विहार आणि मंडळांनी कार्यकर्त्यांना कामाचे पत्र देण्याची सवय लावून घ्यावी.

फसवणुकीपासून सावध
‘अनुभवावर थेट पदवी’, ‘परीक्षेशिवाय एका वर्षात डिग्री’ असे सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. आधी युजीसीच्या संकेतस्थळावर संस्थेची मान्यता आणि बोगस विद्यापीठांची यादी तपासा.

ही माहिती आपल्या विहारातील शिक्षण सोडलेल्या एका तरी मुलापर्यंत किंवा मुलीपर्यंत पोहोचवा. सोबत कॉलेजच्या कार्यालयात जा आणि खाते उघडून द्या. जय भीम.