तुटक किनारा: साष्टी ते रेडी प्रवासाचा इतिहास

इटली आणि दक्षिण फ्रान्सच्या भूमध्यसागरी किनाऱ्यावर भाड्याची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडी, घेऊन गावोगाव मुक्काम करत हिंडण्याची जी रीत विसाव्या शतकात रुळली, तिला किनाऱ्यालगतच्या फार जुन्या रस्त्यांचा आधार होता. रोमहून समुद्राच्या कडेने वायव्येस जाणारा व्हिआ ऑरेलिया हा राजमार्ग ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला मानला जातो. त्या समुद्राला भरती-ओहोटी नाममात्रच असल्याने तेथील नद्यांची मुखे आत दूरवर खारी होत नाहीत. कोकणचा किनारा याच्या उलट आहे. सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ आहे की नद्या आखूड आणि वेगवान झाल्या, आणि काही मीटर चढणाऱ्या भरतीने त्यांच्या मुखांच्या रुंद खाड्या केल्या. परिणामी या किनाऱ्याने उत्तर-दक्षिण प्रवास शतकानुशतके पाण्यावरून झाला, आणि रस्ते मात्र बंदरापासून घाटाकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे, चढत गेले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक मार्गदर्शिकेत चौलसारख्या कोकणी बंदरांची नावे ओळीने येतात ती गलबतांच्या मार्गावरचे टप्पे म्हणून.

मुंबईची उपनगरे ज्या भूमीवर वसली ते साष्टी हेही मुळात बेटच होते, हे अंधेरी-बोरिवलीच्या आजच्या रहिवाशाला सहसा जाणवत नाही. शीवचा बांध 1805 मध्ये आणि माहीमचा बांध 1845 मध्ये खुला झाला, तेव्हा कोठे साष्टीतून मुंबई बेटावर कोरड्या पायांनी जाणे शक्य झाले. माहीमच्या बांधासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दिलेले द्रव्य कामी आले. बेटाची पश्चिम कड मात्र आजही खाड्यांनी तुटलेली आहे. वेसाव्याहून मढला तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, काही मिनिटांत जाता येते, पण चारचाकीला मालाड-मार्वेचा मोठा वळसा पडतो. मार्वे-मनोरी आणि बोरिवली-गोराई या तरींची गोष्ट वेगळी नाही, कारण मोटारीने मनोरी-गोराई गाठायची तर भाईंदर-उत्तनवरून फिरून यावे लागते. कोकणच्या प्रवासाची सारी अडचण उपनगरांच्या दारातच लहान प्रमाणात पाहायला मिळते.

या उपनगरांत कोकणी माणूस बहुधा दोन टप्प्यांत आला. आधी तो गिरण्यांसाठी गिरगाव-लालबाग-परळच्या चाळींत उतरला आणि पुढच्या पिढ्यांत जागा अपुरी पडू लागली तसा भांडुप, मुलुंड, घाटकोपर, जोगेश्वरी, बोरिवलीकडे सरकला. त्याच्या आजोबांचा गावचा मार्ग आगबोटीचा होता. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत जात. डेकवर वळकटी पसरून जागा अडवायची, आणि धक्का नसलेल्या बंदरात बोट खोल पाण्यात थांबली की ‘पडाव’ म्हणजे मोठ्या होडीत उतरून किनारा गाठायचा. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची वाहतूक बंद राही, जवळच्या फेऱ्या मात्र चालत. भर पावसाळ्यात, 17 जुलै 1947 रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि त्या दुःखाची आठवण कोकणातल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या टिकली.

पुढे मुंबई-गोवा महामार्गाने प्रवासाची दिशा बदलली. हा रस्ता समुद्रापासून बराच आत, महाड, चिपळूण, राजापूर या गावांवरून जातो, आणि त्याचे कारण भूगोलात आहे: जेथे खाडी अरुंद होऊन नदी सुरू होते तेथेच पूल बांधणे परवडणारे होते. एसटी, सुमो, ट्रॅक्स, टेम्पो ट्रॅव्हलर आणि 1998 पासून पूर्ण लांबीने सुरू झालेली कोकण रेल्वे यांनी गणपती-शिमग्याचा प्रवास उरकता केला. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनी आगारातून रात्री निघालेला प्रवासी सकाळी गावी पोचू लागला, परंतु वाटेत समुद्र दिसणे संपले, हे नुकसान या काळाच्या इतिहासात सहसा नोंदले जात नाही.

किनाऱ्यालगत सलग रस्त्याची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (1980-82) रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या रूपाने पुढे आली. रस्त्याचे तुकडे झाले, मोठ्या खाड्यांवरचे पूल मात्र रखडले. ही उणीव भरून काढली ती वाहने नेणाऱ्या फेरीबोटींनी, ज्यांना तेथे सर्रास जंगलजेट्टी म्हणतात. वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ-धोपावे ही सेवा 2003 मध्ये सुरू झाली. त्यानंतर वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, तवसाळ-जयगड या खाड्याही गाडीसह ओलांडता येऊ लागल्या. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का-मांडवा रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत चढवून नेणारी बोट, सुरू झाल्यापासून तर घाटकोपर-मुलुंडची गाडी पेणला वळसा न घालता अलिबागेत उतरू शकते. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे कॅम्परव्हॅनसारख्या राहण्याच्या गाड्यांच्या, पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा चाकांवरच्या घराला लागणारा हा तुटक पण सलग होऊ शकणारा मार्ग बराचसा तयारच होता.

अशा गाडीची खरी कसोटी लागते ती जेट्टीच्या उतारावर. बोटीची पुढची लोखंडी झडप साखळ्यांवरून खाली येते, खलाशी हाताने खुणा करत गाड्या एकेक करून, काही उलट्या, आत घेतो. ओहोटीला उतार लांब, तीव्र आणि शेवाळलेला असतो, त्यामुळे मागच्या चाकांपलीकडे लांब शेपूट असलेल्या कॅराव्हॅनचा तळ घासण्याची भीती राहते, आणि जाणता चालक वेळापत्रकाइतकेच तिथीकडे पाहतो, कारण अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा असतो. दर्यावर्दी कोळ्यांचे हे ज्ञान भाड्याच्या गाडीच्या चालकाला आजही तितकेच लागते.

रेवस-करंजा, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड येथील पूल महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहेत. ते झाल्यावर खाडीकाठच्या गावांना दवाखाना आणि बाजार जवळ येईल, म्हणून ते लवकर व्हायला हवेत. परंतु मुंबई बेट साष्टीला बांधांनी जोडल्यानंतरही वेसाव्याची तर चालू राहिली, त्याचप्रमाणे या जेट्ट्याही पुलांबरोबर राखल्या पाहिजेत आणि त्यांच्यालगत कॅराव्हॅनसाठी पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेले वाहनतळ ग्रामपंचायतींच्या हाती दिले पाहिजेत.