कृत्रिम कान आणि बधिरांची भाषा

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथें नामदेवांची एक कथा सर्वांच्या तोंडीं आहे. कीर्तनाची अडचण होते म्हणून त्यांना देवळामागें जाण्यास सांगितलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें, असें भाविक मानतात. नवविधा भक्तींत पहिला मान श्रवणाचा. मग ज्याला श्रवणच नाहीं त्यानें काय करावें? त्यानें जगाकडे वळावें, कीं जगानें त्याच्याकडे? बधिरांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास होय.

अठराव्या शतकांत पॅरिसमध्यें आबे द लेपे यानें हातांच्या खुणांनीं मुलांना शिकविलें; जर्मनींत हाइनिके यानें मुखानें बोलविण्याचा आग्रह धरला. १८८० सालीं मिलान येथील परिषदेनें खुणांना वर्गाबाहेर घालविण्याचा ठराव केला. ठराव बधिरांविषयीं, पण मत देणारे बहुतेक सारे ऐकणारे! पुढें १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या खटपटीनें मुंबईंत मूकबधिरांची शाळा निघाली, तेव्हां जगभर मुखभाषणाचाच वारा वाहत होता. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त होण्यास २०१० साल उजाडावें लागलें.

दरम्यान वादांत एक यंत्र शिरलें. साधें श्रवणयंत्र आवाज केवळ मोठा करतें. कॉक्लिअर इम्प्लांट मात्र कानाच्या आंतील शंखाकृति भागांत तारा बसवून श्रवणनाडीलाच विजेचे संदेश देतें. १९५७ सालीं पॅरिसमध्यें त्याचा पहिला प्रयोग झाला. १९७८ मध्यें मेलबर्न येथें ग्रेम क्लार्क यांनीं अनेक तारांचें यंत्र बसविलें. १९९० मध्यें अमेरिकेंत दोन वर्षांच्या मुलांनाही तें बसविण्याची परवानगी मिळाली, आणि लगेच १९९१ मध्यें तेथील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनें विरोध नोंदविला: बधिरता हा रोग नव्हे, आमची स्वतंत्र भाषा आहे, आणि तान्ह्या मुलाची संमति कोणी घेतली? २००० मध्यें तिनें भूमिका सौम्य केली.

दोन्हीं पक्षांत तथ्य आहे. शस्त्रक्रिया लवकर झाली, तर पुष्कळ मुलें चांगलें बोलूं लागतात. परंतु सर्वांना सारखें यश येत नाहीं. शिवाय यंत्र काढून ठेवलें कीं मूल पुन्हां बधिरच असतें. शस्त्रक्रियेनंतर वाणीचा अभ्यास वर्षानुवर्षें चालवावा लागतो, बाहेरचा भाग दुरुस्त करावा लागतो. मुंबईच्या कुटुंबाला हें जितकें सुकर, तितकें औंढ्याच्या शेतकऱ्याला नाहीं. १९८३ मध्यें मुंबईंत स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेमार्फत सरकारी साहाय्य मिळतें खरें. पण शस्त्रक्रियेचा खर्च भागला म्हणजे मार्ग संपला असें नव्हे.

म्हणून यंत्राची वाट पाहण्यांत मुलाची भाषेवांचूनचीं वर्षें वाया जाऊं देणें, हीच खरी हानि होय. २०१६ च्या कायद्यानें खुणांच्या भाषेलाही संवादाचें साधन मानलें आहे. यंत्र बसो वा न बसो, आईबापांनीं त्या खुणा शिकाव्या. मुलाला कान मिळेल तेव्हां मिळेल. बोलणारें घर त्याला आजच मिळूं शकतें.