चमत्कार वगळला की इतिहास उरतो का?

१/९
पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांना लागूनच आळंदी आहे. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी तेथे समाधी घेतली. ते नाथपरंपरेतले. शाबरी मंत्र, सिद्धी, भुताखेतांवरील सत्ता असे नाथांविषयी महाराष्ट्रात घरोघरी जे सांगितले जाते, त्याचा मोठा भाग एका लोकप्रिय ग्रंथातून आला आहे : ‘नवनाथ भक्तिसार’. इतिहासाचे साधन म्हणून त्याच्यावर किती भिस्त ठेवावी?

२/९
पहिली कसोटी काळाची. धुंडीसुत मालू यांनी हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण केला. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. दोहोंत ५२९ वर्षांचे अंतर आहे. आणि मत्स्येंद्र व गोरक्ष हे तर ज्ञानेश्वरांच्याही आधीचे.

३/९
या अंतरात कथा कशी वाढते, हे चौरंगीनाथांच्या उदाहरणातून दिसते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी गुरुपरंपरा सांगताना एवढाच उल्लेख येतो की, सप्तशृंगीवर मत्स्येंद्रांची भेट होताच भग्न अवयवांचा चौरंगी पूर्ण देहाचा झाला. भक्तिसारात त्याचे आख्यान होते : राजपुत्र, सावत्र आई, खोटा आरोप, हातपाय तोडण्याची शिक्षा. चमत्काराची श्रद्धा १२९० मध्येही होती; तपशील मात्र नंतरच्या ग्रंथात कितीतरी अधिक आहे. घटनेपासून दूर गेलेल्या लेखकाला अधिक तपशील ठाऊक असेल, तर वाचकाने सावध व्हावे.

४/९
दुसरी कसोटी आधाराची. मालू आपल्या कथनाला गोरक्षनाथांच्या ‘किमयागार’ ग्रंथाचा आधार सांगतात. दावा तपासायचा, तर त्या ग्रंथाची जुनी पोथी आणि तिचा लेखनकाळ समोर हवा. ‘भक्तविजय’कार महिपतींनी नाभाजींचा आधार सांगितला, नाभाजींची ‘भक्तमाल’ उपलब्ध असल्याने दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून पडताळता येतात. केवळ प्राचीन नाव घेणे आणि पडताळता येईल असा आधार देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५/९
हा प्रश्न केवळ मराठी नाही. इंग्लंडमध्ये जादूटोण्याविषयीचा १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झाले. आज ‘विक्का’ म्हणून ओळखला जाणारा पंथ त्यांच्या प्रयत्नांतून पसरला. ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे चालत आलेला हा धर्म आपल्याला जुन्या मंडळीकडून मिळाला, असे त्यांचे म्हणणे होते.

६/९
या दाव्यावर पहिला प्रकाश पंथातूनच पडला. गार्डनर यांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंटे यांना ‘प्राचीन’ विधिग्रंथात अलेस्टर क्रॉली या विसाव्या शतकातील लेखकाचे उतारे ओळखू आले. पुढे त्याच व्हॅलिएंटे यांनी कागदपत्रे शोधून दाखवून दिले की, गार्डनर ज्या ‘ओल्ड डोरोथी’चा उल्लेख करीत, ती डोरोथी क्लटरबक नावाची स्त्री खरोखर होऊन गेली होती. विश्वसनीय लेखक तो, जो स्वपक्षाविरुद्ध जाणारा पुरावाही मांडतो आणि अनुकूल पुरावाही तितक्याच काटेकोरपणे तपासतो.

७/९
गार्डनर यांच्या पुस्तकाची प्रस्तावना मार्गारेट मरे यांची होती. चेटकिणींचा एक संघटित प्राचीन पंथ होता, हा सिद्धान्त त्यांनी १९२१ मध्ये खटल्यांतील जबान्यांच्या आधारे मांडला. १९७५ मध्ये नॉर्मन कोहन यांनी मूळ जबान्या पाहिल्या. मरे यांनी उद्धृत केलेल्या उताऱ्यांच्या मागेपुढे अशक्यप्राय गोष्टी होत्या. त्या त्यांनी गाळल्या होत्या. म्हणून उरलेला मजकूर खऱ्या सभेच्या वृत्तान्तासारखा भासत होता.

८/९
सर्वांत मोठी चूक येथेच होते. भक्तिसारातील चमत्कार वगळून उरलेले प्रवास आणि भेटी ‘नाथांचे चरित्र’ म्हणून सांगणे, ही मरे यांचीच पद्धत. चमत्कार वगळला की कथा संभाव्य वाटते. ती सिद्ध होत नाही. याचा अर्थ ग्रंथ टाकाऊ आहे, असा नव्हे. चाळिसावा अध्याय कोणत्या वाचनाने काय फळ मिळते, हे सांगतो. म्हणजे ग्रंथाचा हेतू भक्ती आणि फलप्राप्ती हा आहे. १८१९ च्या महाराष्ट्राची भीती, आशा आणि श्रद्धा जाणण्यासाठी तो मोलाचा साक्षीदार आहे. मत्स्येंद्रांच्या काळासाठी नाही.

९/९
हा विवेक केवळ अभ्यासिकेपुरता नाही. युरोपात ‘चेटकीण’ ठरवून हजारो माणसे मारली गेली. महाराष्ट्रातही, विशेषतः नंदुरबारच्या सातपुड्यात, स्त्रियांना ‘डाकीण’ ठरवून छळले गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. अशा आरोपामागे बहुधा ‘पूर्वापार असेच सांगितले आहे’ हे वाक्य असते. ते कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि कशाच्या आधारे, हे तीन प्रश्न तेथे वेळीच विचारले गेले पाहिजेत.