ऑपेरा हाउस : एका रंगमंदिराचें चरित्र

मुंबईंत चर्नी रोड स्टेशनावर उतरून कोणी परक्या माणसानें ऑपेरा हाउसचा पत्ता विचारला, तर कित्येक वर्षें त्याला एक चौक, बसचा एक थांबा किंवा हिऱ्यांचा बाजार दाखविण्यांत येत असे. ज्या इमारतीवरून त्या सबंध वस्तीला हें नांव पडलें, ती इमारत १९९३ पासून कुलुपांत होती. तिच्या दारावरून रोज हजारों माणसें जात-येत. परंतु आंत काय आहे हें पाहिलेलीं माणसें दिवसेंदिवस कमी होत चाललीं होतीं. नांव जिवंत आणि नांवाचा धनी मात्र विस्मृतींत, असा हा प्रकार होता. अशा या रंगमंदिराचें चरित्र ज्ञात असणें इष्ट आहे. कारण त्यांत मुंबईच्या करमणुकीचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास सांठलेला आहे.

नाटकगृहांचा शोक मुंबईला फार जुना. इंग्रज व्यापाऱ्यांनी वर्गणी जमवून १७७६ सालीं कोटांतील मैदानावर पहिलें नाटकगृह उभारलें. पुढें १८४६ सालीं नाना शंकरशेट यांच्या पुढाकारानें ग्रँट रोडवर दुसरें नाटकगृह उघडलें, आणि १८५३ सालीं सांगलीकर विष्णुदास भावे यांनी त्याच रंगभूमीवर आपलें नाटक मुंबईकरांस दाखविलें. साहेबलोकांसाठीं बांधलेल्या घरांत मराठी सूत्रधार उभा राहिला, ही घटना लहान नव्हे. मागोमाग पारशी नाटक मंडळ्यांनी तो सारा भाग गजबजून सोडला, आणि ग्रँट रोड म्हणजे नाटकांची पेठ असें समीकरणच होऊन बसलें.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं या पेठेच्या जवळच एका नव्या साहसाची कल्पना निघाली. मॉरिस बँडमन नांवाचा एक नाटकवाला त्या वेळीं कलकत्त्यास ठाणें देऊन होता. त्याचे वडीलहि नामांकित नट. बँडमनचा धंदा मोठा विलक्षण होता. जिब्राल्टर, माल्टा, कैरो, मुंबई, कलकत्ता, रंगून, सिंगापूर आणि तेथून थेट चीन-जपानपर्यंतच्या बंदरांतून त्याच्या मंडळ्या आगबोटीनें फिरत. एक मंडळी पुढच्या बंदरीं गेली कीं मागून दुसरी येई, आणि प्रत्येक गांवीं थोडक्या दिवसांत अनेक निरनिराळे खेळ होत. अशा व्यवहाराला चांगल्या नाटकगृहांची सांखळी लागते. कलकत्त्यास त्याची सोय झाली होती. उणीव होती ती मुंबईची. ती भरून काढण्यास जहांगीर फ्रामजी कराका हे पारशी गृहस्थ पुढें आले. त्यांची दलालीची पेढी होती आणि तीहि कोळशाची ! कोळशाच्या पैशांतून झुंबरांचें मंदिर उभें राहावें, हा मुंबईचाच चमत्कार.

१९०८ सालीं कल्पना निघाली, १९०९ सालीं काम सुरू झालें, आणि १९११ सालीं दिल्ली दरबारासाठीं बादशहा पंचम जॉर्ज हिंदुस्थानांत आले, त्या वर्षीं त्यांच्या हस्ते उद्घाटनहि होऊन गेलें. इमारत तेव्हां पुरती झालेली नव्हती. १९१२ सालीं ती पूर्ण झाली आणि किरकोळ भर तर १९१५ पर्यंत पडत राहिली. परंतु राजाचा पाय लागला आणि ‘रॉयल’ हें उपपद कायमचें चिकटलें.

इमारतीची घडण युरोपांतील बरोक पद्धतीची. तींत देशी नक्षीकामाची मिसळण केलेली. समोर लांबलचक दर्शनी भाग, आंत एकावर एक सज्जे, श्रीमंतांसाठीं स्वतंत्र कक्ष, आणि माथ्यावर आठ भागांत विभागलेला घुमट. या आठ भागांवर कवि व नाटककार यांना मानवंदना दिलेली आहे. प्रवेशदालनांतील भव्य झुंबरें डेव्हिड ससून यांच्या घराण्यानें दिलीं. त्यांच्या भायखळ्याच्या ‘साँ सुसी’ या वाड्याचेंच नांव त्या झुंबरांस पडलें. छताची रचना अशी कीं, सर्वांत वरच्या सज्जांतील स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकालाहि गाण्याचा शब्दन् शब्द ऐकूं जावा. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळांत हा गुण सोन्याहून मोलाचा होता.

नांव ‘ऑपेरा हाउस’ असलें, तरी येथें केवळ ऑपेराच होत असे, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. बँडमनच्या मंडळ्यांचें मुख्य भांडवल म्हणजे हलकींफुलकीं संगीत प्रहसनें. त्या काळीं प्रेक्षकाला एका तिकिटांत नाना रस हवे असत. त्याच सुमारास, १९१३ सालीं, गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला गेला, तेव्हां चित्रपटाच्या जोडीला नाच, विनोदी प्रवेश आणि कसरतीचे खेळहि होते, यावरून तत्कालीन अभिरुचीची कल्पना येते. चित्रपट हा प्रथम अशा मिश्र मेजवानींतील एक पदार्थ होता. पुढें त्यानेंच सबंध पान व्यापलें.

बँडमन १९२२ सालीं निवर्तला. या रंगमंदिराची दारें मात्र देशी कलावंतांस उघडलीं होतीं. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, मास्टर दीनानाथ अशा गायक नटांचे सूर या घुमटाखालीं घुमले. परदेशी कंठासाठीं बांधलेलें छत मराठी नाट्यपदांनाहि तितकेंच मानवलें.

परंतु काळाचा ओघ पालटत होता. १९३१ सालीं गिरगांवांतच, मॅजेस्टिक थिएटरांत, ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट झळकला आणि नाटक मंडळ्यांचे दिवस भरूं लागले. १९३५ च्या सुमारास ऑपेरा हाउसचेंहि रूपांतर चित्रपटगृहांत झालें. पडदा नीट दिसावा म्हणून आंतील रचनेंत फेरफार झाले आणि जुन्या रंगांवर नवे रंग चढले. तरीहि रंगभूमि अगदींच हटली नाहीं. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ सालीं आपली नाटक मंडळी काढली, तेव्हां सकाळच्या वेळीं, चित्रपटाचे खेळ सुरू होण्यापूर्वीं, तिचे प्रयोग येथें होत. ‘दीवार’ आणि ‘पठाण’ या नाटकांतून हिंदु-मुसलमानांच्या ऐक्याची कळकळ त्यांनी मांडली, ती देश फाळणीच्या कडेवर उभा असतां. खेळ संपला कीं हा राजबिंडा नट झोळी पसरून दाराशीं उभा राही आणि प्रेक्षक तींत नाणें टाकून जात.

१९५२ सालीं गोंडलच्या राजघराण्यानें ही वास्तु विकत घेतली. आणखी चाळीस वर्षें चित्रपट चालले. पुढें दूरदर्शन आलें, घरोघर व्हिडिओ आला, खुर्च्या रिकाम्या राहूं लागल्या, आणि १९९३ सालीं कुलूप पडलें. मोक्याच्या जागेवरील अशा इमारतीचें भवितव्य मुंबईंत सहसा एकच असतें : पाडणें आणि मजले चढविणें. कॉरोनेशन गेलें, मॅजेस्टिक गेलें, ग्रँट रोडचें आद्य नाटकगृहहि गेलें. ऑपेरा हाउस उभें राहिलें तें मालकांनी विकण्याचा मोह आवरला म्हणून. मात्र नुसतें उभें राहणें म्हणजे जगणें नव्हे. पावसाळ्यामागून पावसाळा आंत झिरपत होता.

पुढें वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखालीं जीर्णोद्धाराचें काम सुरू झालें. जगांतील संकटग्रस्त वारसावास्तूंच्या २०१२ सालच्या यादींत ऑपेरा हाउसचा समावेश झाल्यानें त्याकडे देशोदेशींचें लक्ष वेधलें. जुनीं छायाचित्रें हाताशीं घेऊन, रंगांचे थर एकेक करून खरवडून मूळचा रंग शोधावयाचा. काढून टाकलेले कक्ष पुन्हां बसवावयाचे. रंगीत कांचा, गिलावा, नक्षी सारें पूर्ववत् करावयाचें. आणि हें करीत असतां नवे दिवे, नवी वातानुकूल यंत्रणा जुन्या भिंतींना न दुखवितां आंत आणावयाची! हें वैद्याचें आणि इतिहासकाराचें काम एकत्र होतें. ऑक्टोबर २०१६ मध्यें दारें पुन्हां उघडलीं. पॅट्रिशिया रोझारिओ या मुंबईंत जन्मलेल्या गायिकेनें तेथें गायन केलें, आणि २०१७ सालीं युनेस्कोनें या कामाचा गौरव केला. नव्या रचनेंत ५७५ आसनें ठेवण्यांत आलीं.

येथें एक प्रश्न सहज उपस्थित होतो. जीर्णोद्धार कोणत्या काळाचा करावयाचा ? बादशाही थाटाचा काळ थोडा, आणि चित्रपटाचा काळ जवळजवळ साठ वर्षांचा. दर्शनी कक्षांत बसणाऱ्या मूठभर साहेबांपेक्षां, चार-आठ आण्यांचें तिकीट काढून वरच्या सज्जांत दाटीनें बसणाऱ्या गिरगांवकरांनीच हें घर अधिक वर्षें पोसलें. भिंतींवरील त्यांच्या काळाचा थर खरवडला गेला, हें कलेच्या दृष्टीनें योग्यच झालें असेल. तथापि इतिहासाच्या वहींतून तो खरवडतां येणार नाहीं. दारें पुन्हां उघडलीं तीं मुंबईच्या चित्रपट-महोत्सवाच्या निमित्तानें, हा योगायोगहि बोलका आहे. ज्या चित्रपटानें रंगमंदिराचें रूप बदललें, तोच त्याच्या पुनर्जन्माच्या सोहळ्यास हजर होता.

गिलावा सावरला, झुंबरें उजळलीं, एवढ्यानें रंगमंदिराचें काम संपत नाहीं. देवळांत जसा पूजेचा खंड पडूं नये, तसा नाटकगृहांत प्रेक्षकांचा पडूं नये. श्रीमंतांच्या मेजवानीपुरतें तें दिव्यांनी झगमगलें आणि शेजारच्या चाळींतला मुलगा बाहेरूनच पाहत राहिला, तर पुन्हां एक दिवस त्याचें केवळ नांवच बसच्या थांब्यावर उरेल. या छताची रचना मुळांतच सर्वांत शेवटच्या बांकावरील माणसाला ऐकूं जावें म्हणून केलेली आहे. जीर्णोद्धार करणारांनी छत सावरलें. तो शेवटचा बांक भरलेला ठेवणें हें आतां मुंबईकरांचें काम आहे.